थंडीची रात्र आणि परसातली बाग



गाळप जोरात असते, आपले सगळे लक्ष तोडीच्या तारखेकडे असते आणि नेमकी त्याच दिवसांत परसातली पपई, केळ, मिरची-वांग्याची रोपे एका रात्रीत करपून जातात. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. पेपरात येतो तो पारा पेटीतला, जमिनीपासून चारेक फूट उंचीवरचा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर वाफ्यातल्या रोपापाशी त्याहून दोन-चार अंश कमीच असतात. म्हणून ‘४ अंश’ वाचून निर्धास्त झोपू नये. ओढ्याकाठच्या खोलगट रानाला तर जास्तच जपावे. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने तिथे जाऊन साचते.

दिवसा जमीन ऊन पिते आणि रात्री तीच ऊब सोडते. ही ऊब धरून ठेवायची, एवढंच आपलं काम. ओली, दबलेली जमीन ऊब जास्त साठवते; कोरडी, भुसभुशीत कमी. तेव्हा कडाक्याच्या दिवसांत खुरपणी थांबवावी आणि विहिरीचे पाणी हलके द्यावे. पहाटे विहिरीतून वाफा निघताना आपण पाहतोच, ते पाणी हवेपेक्षा उबदार असते. रात्रपाळीची वीज एरवी शिव्या खाते, पण या कामाला ती बरी!

रोपांवर चार खुंट्या रोवून दिवस मावळण्याआधी बारदान टाकावे, कडा जमिनीला टेकवाव्यात. अंधार पडल्यावर झाकलं तर बरीच ऊब निघून गेलेली असते. प्लॅस्टिक असेल तर ते पानाला चिकटू देऊ नये. चिकटलं तिथंच पान भाजतं. सकाळी ऊन आले की काढावे. लहान कलमांना कडब्याची खोप करावी, पूर्व-दक्षिणेची बाजू उघडी ठेवावी. बुंध्याभोवती पाचट घातले तर मुळे सांभाळली जातात, पण वरच्या पानांना त्याचा उपयोग नाही.

आता शेकोटीचे. धुराने थंडी अडते ही समजूत जुनी आहे, पण काम करते ती आच. धूर फारसा नाही. एक मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते, भोवतालची गार हवा आत ओढली जाते. आठ-दहा लहान शेकोट्या बऱ्या. पण शेजारी उसाचा फड उभा असेल तर शेकोटीच नको. वाळल्या पाचटावर एक ठिणगी पडली तरी पुरे. जळीत उसाचे वजन घटते, उतारा घसरतो आणि वर कपातीचा भुर्दंड. चार पपयांपायी फड घालवणे परवडणारे नाही.

एवढे करूनही पाने करपली तर लगेच छाटू नयेत. ती खालच्या डोळ्यांवर पांघरूण होतात. युरियाही टाकू नये, कोवळी फूट पुढच्या गारठ्यात आधी जाते. फेब्रुवारी उलटून नवे कोंब दिसले की मगच विळा हातात घ्यावा.