खाडीचे आरोग्य
सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी नदी चिपळूणवरून वाहत दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. डोंगरउतारावरील माती, गावांचे सांडपाणी, कारखान्यांतील दूषित पाणी हे सारे अखेर खाडीतच पोहोचते. म्हणून खाडीच्या आरोग्यासाठी संपूर्ण पाणलोट क्षेत्रात, ठरावीक ठिकाणी व ठरावीक काळाने पाणी तपासावे लागते. मासे जगण्यासाठी नदीच्या एक लिटर पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. खाडीतील क्षारता भरती-ओहोटीबरोबर बदलते. त्यामुळे नोंदीत भरतीची वेळही लिहितात. एकच नोंद त्या दिवसापुरती असते. वर्षानुवर्षांच्या नोंदी बिघाडाची चाहूल देतात. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास मासे मरतात आणि मच्छीमारांची चूल विझते.