बीडहून दक्षिणेला, सदुसष्ट अंश वर

बीड शहरात आगगाडी पोहोचायला २०२५ साल उजाडलं. उपग्रहाला मात्र बीड कधीच आडवळणाचं नव्हतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. तिथून पाहता पुणं काय आणि पाटोदा काय, दोन्ही सारखीच लांब. एखाद्या संस्थेला मुख्यालयापासून शाखेपर्यंत तार ओढायची तर दर किलोमीटरला पैसा मोजावा लागतो. आकाशातून येणाऱ्या चित्राला सगळीकडे एकच भाव.

ज्यांच्या शाखा आडगावी विखुरलेल्या होत्या, त्यांना हा हिशेब आधी उमगला. अमेरिकेतल्या वॉलमार्टचं मुख्यालय बेंटनव्हिल नावाच्या छोट्या गावात आणि दुकानंही बरीचशी छोट्या गावांतच. १९८७ मध्ये त्यांनी स्वतःचं उपग्रह जाळं पुरं केलं. दुकानांतली विक्रीची आकडेवारी वर जाऊ लागली आणि मालक सॅम वॉल्टन पडद्यावरून थेट कामगारांशी बोलू लागले. आपल्याकडे मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या छोट्या छत्र्यांवरून देशभरच्या दलालांना जोडलं. तिथे चित्र नव्हतं, नुसते सौदे होते. पण एका संस्थेचं खासगी आकाश ही कल्पना तीच.

चित्राचा प्रयोग त्याही आधीचा, आणि बीडच्या अगदी उशाशी झालेला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या 'साइट' उपक्रमात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट दूरदर्शन पोहोचलं. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, कर्नाटक होता. तिथले जिल्हे म्हणजे गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. गुलबर्गा, रायचूर आणि बीड ही तिन्ही १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. भाषावार सीमा आखल्या गेल्या आणि जाळीच्या मोठमोठ्या छत्र्या पलीकडच्या बाजूला उतरल्या. गावकऱ्यांच्या कार्यक्रमांइतकंच 'साइट'चं आणखी एक काम महत्त्वाचं होतं: प्राथमिक शाळांतल्या हजारो शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षण. एका खात्याने आपल्याच माणसांशी उपग्रहावरून बोलणं म्हणतात ते हेच.

पुढे इस्रोने प्रशिक्षणासाठी वेगळी वाहिनी चालवली. तिचं सूत्र होतं चित्र एकतर्फी, आवाज दुतर्फी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची निवड उपग्रह शिक्षणाच्या पहिल्या प्रायोगिक टप्प्यात झाली, तेव्हा इन्सॅट-३बी वापरला गेला. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एडुसॅट उडाला, केवळ शिक्षणासाठी बांधलेला, १,९५० किलोचा.

एडुसॅटची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर होती आणि बीड आहे पावणेशहात्तर अंशांवर. गणित मांडलं तर बीडच्या गच्चीवरून तो जवळजवळ थेट दक्षिणेला, जेमतेम पाच अंश पश्चिमेकडे सरकलेला आणि क्षितिजापासून सदुसष्ट-अडुसष्ट अंश उंच यायचा. केयू-बँड या उपग्रह लहरींच्या पट्ट्यावर चालणाऱ्या सव्वा मीटर व्यासाच्या छत्रीची नजर फार अरुंद असते. पाऊण अंश चुकला की ताकद निम्मी. बोल्ट ढिला राहिला, वावटळ आली किंवा एखादं वानर छत्रीला लोंबकळलं, तरी पाऊण अंश सहज जातो. मुख्यालयातल्या अभियंत्याला पडद्यावर नुसता लाल ठिपका दिसतो. पाना घेऊन गच्चीवर चढणारं कोणीतरी शाखेतच असावं लागतं. माझ्या मते अशा जाळ्याचा खरा व्यवस्थापक तोच.

केयू-बँडला मुसळधार पाऊस सोसत नाही. बीड पर्जन्यछायेतलं, त्यामुळे ही भीती कोकणापेक्षा कमी. इथे जास्त धास्ती वीज जाण्याची. एक अडचण मात्र पंचांगात लिहून ठेवता येते. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात संदेश बुडतो. बीडच्या अक्षांशावर हे १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, काही दिवस रोज काही मिनिटं घडतं. ७४ अंशांवरच्या उपग्रहासाठी दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास. मार्चअखेरच्या तोंडावर अध्यक्षांचं भाषण नेमकं त्याच वेळी ठेवणारा नियोजक मुख्यालयात असतोच.

दुसरा अडथळा अर्ध्या सेकंदाचा. नाशिकहून निघालेला प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर परतायला आणखी पाव. शिवाय चित्र दाबून आकुंचित करण्यात वेळ जातो तो निराळा. समोरचा गप्प आहे असं वाटून वक्ता पुन्हा बोलू लागतो आणि दोघांचे आवाज एकमेकांवर आदळतात. म्हणून सूत्रधार लागतो: "अंबाजोगाई केंद्र, बोला," असं नाव घेऊन पुकारणारा आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसण्याचा संयम असलेला. पुष्कळ संस्थांनी कॅमेऱ्यांवर भरपूर खर्च केला आणि परतीच्या आवाजाची वाट कशीबशी भागवली. मग तासभर भाषण, शेवटी पाच मिनिटं प्रश्न, आणि केंद्रावर खुर्च्या रिकाम्या.

तरी उपग्रहाच्या बाजूने एक हिशेब कायम आहे. समजा, ६०० शाखांना दोन मेगाबिटचं चित्र दाखवायचं आहे. प्रत्येकीला इंटरनेटवरून स्वतंत्र पाठवलं तर मुख्यालयातून १,२०० मेगाबिटचा प्रवाह बाहेर पडायला हवा. उपग्रहावर एकदाच दोन मेगाबिट पाठवायचे. आणखी हजार छत्र्या बसल्या तरी वरचा खर्च तेवढाच. कोणत्या छत्रीने चित्र उलगडायचं, ते सांकेतिक किल्लीने ठरवता येतं. व्यवस्थापकांचं आभार-प्रदर्शन सगळ्यांना, पगारवाढीची बैठक ठरावीक केंद्रांना.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमबरोबर बीडला खेटून असलेला धाराशिवही आहे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून धावतात, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा ताण संपतो. दक्षिणेकडे नजर लावून बसण्याचीही गरज उरत नाही. छत्री आपणच आकाशातला पुढचा उपग्रह पकडते. पण ती सेवा इंटरनेटची आहे. तिच्यावरून ६०० शाखांना एकच भाषण ऐकवायचं, तर एरवीच्या इंटरनेटसारखं ते ६०० वेळा पाठवावं लागतं.