वाद्य आणि संगणक यांचा संवाद

भोर-वेल्ह्याकडील गावी देवळात भजन उभे राहिले, की पेटी, पखवाज आणि टाळ ही ठरलेलीच. पेटीच्या शेजारी आता कोठे कोठे विजेवरचा कीबोर्डही येऊन बसतो. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो, की गावच्या जुन्या चाली संगणकात जपून ठेवता येतील काय? उत्तर देण्यापूर्वी ‘मिडी’ म्हणजे काय, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

पूर्वी प्रत्येक कारखान्याची विद्युत्‌-वाद्ये आपापलीच भाषा बोलत. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने एक सामाईक भाषा ठरली, आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन निराळ्या कंपन्यांची वाद्ये तारेने जोडून ती जाहीरपणे दाखविण्यात आली. तीच मिडी.

या तारेतून आवाज जात नाही. जातो तो निरोप. पट्टी दाबताच तीन आकडे निघतात: कोणत्या वाहिनीवर काय घडले, कोणती पट्टी, आणि ती किती जोराने दाबली. मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. मूळच्या तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० अंकचिन्हे. म्हणजे निरोप पोचण्यास सेकंदाचा हजारावा भागही पुरा लागत नाही. संगणक हे आकडे वेळेसह टिपतो. मग तीच चाल बासरीच्या आवाजात ऐकावी, लय संथ करावी, काळी एकऐवजी पांढरी चारमध्ये घ्यावी, हे आपल्या हाती राहते.

जोडणी सोपी आहे. आजच्या बहुतेक कीबोर्डांना यूएसबीची तार थेट लागते. जुन्या वाद्याला पाच टाचण्यांची गोल खोबण असते. त्यास मध्ये जोडपेटी लागते, आणि वाद्याचा ‘आउट’ तिच्या ‘इन’ला जोडावा लागतो. इंटरनेटची गरज नाही, त्यामुळे डोंगरातल्या गावीही अडचण पडू नये.

परंतु आपली पेटी भात्यावर चालते. तिला ही तार लागत नाही. शिवाय आणखी एक अडचण आहे. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती सांभाळत नाहीत, हा जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ साली अंशतः उठली. मिडीची पट्टीही मुळात सप्तकाच्या बारा स्वरांचीच. स्वर वाकविण्यास १६,३८४ पायऱ्या आहेत खऱ्या. पण वाकविले की त्या वाहिनीवरचे सारेच स्वर वाकतात. म्हणून स्वरागणिक वेगळी वाहिनी द्यावी लागते, आणि एका तारेत वाहिन्या सोळाच.

तात्पर्य, मिडीत बोटांचा हिशेब राहतो. नवशिक्याला तो फार उपयोगी. बुवांचा गळा आणि टाळकऱ्यांची साथ त्यात येत नाही. ज्या गावी जुने बुवा आज गात आहेत, तेथे आधी माइक लावावा असे आम्हांस वाटते. तार मागाहून जोडली तरी चालेल.