पिसांची माशी आणि आखडलेली बोटे

मनगटाचे हाड मोडलेले रुग्ण प्लास्टर निघाल्यावर हमखास विचारतात, "डॉक्टर, हाड जुळले म्हणता, मग सदऱ्याचे बटण का लागत नाही?" वर्षानुवर्षे मी ठरलेले उत्तर देत आलो : "धीर धरा, चेंडू दाबत राहा." गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वेल्ह्यात शेवाळलेल्या पायरीवरून माझाच पाय घसरला, उजवे मनगट मोडले आणि तोच प्रश्न माझ्या वाट्याला आला.

सुमारे ६ आठवडे हात जखडून ठेवला की सांध्याभोवतीचे आवरण आखडते, स्नायू रोडावतात. चेंडू दाबल्याने मुठीची ताकद येते, हे खरे. पण बटण लावणे, सुई ओवणे ही मुठीची नव्हेत, चिमटीची कामे आहेत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते आणि किती जोर लावायचा याचा अंदाज लागतो. हा अंदाज चेंडू शिकवत नाही. शिवाय त्या व्यायामाचा कंटाळा येतो. माझा चेंडू चौथ्या दिवशी कपाटाखाली गेला, तो मी काढलाही नाही.

त्याच सुमारास माळ्यावरची एक जुनी पेटी हाती लागली. लष्करातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्याने पंचवीस वर्षांपूर्वी मला 'फ्लाय फिशिंग' शिकवले होते. नेहमीच्या गळाला आपण गांडूळ किंवा कणीक लावतो. इथे गळावर पिसे, लोकर व दोरा बांधून खोटी माशी तयार करतात. माशीला वजन नसते म्हणून दोरी जड असते आणि लयीत झुलवून ती पाण्यावर टाकतात. दवाखान्याच्या व्यापात हा छंद सुटला होता.

माशी बांधायला टेबलाला अडकवायचा छोटा शेगडा लागतो, ज्याला कारखान्यात 'व्हाइस' म्हणतात. त्यात गळ घट्ट धरायचा, त्याच्या दांडीवर दोऱ्याचे वेढे घ्यायचे, चार तंतूंची शेपटी बांधायची, अंगाला लोकर गुंडाळायची, मानेपाशी कोंबड्याचे पीस फिरवायचे आणि शेवटी गाठ मारायची. यातले प्रत्येक काम चिमटीचे. दोरा जास्त ओढला तर तुटतो, कमी ओढला तर पिसे निसटतात. म्हणजे जोर किती लावावा हे दोराच क्षणोक्षणी सांगतो. हेतू असलेली, नेमकी हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने मेंदू आणि हात यांचा मेळ सुधारतो. पहिल्या माशीला मला तास लागला आणि ती हातातच सुटली. पण दुसऱ्या दिवशी मी आपणहून टेबलापाशी बसलो.

परदेशात या छंदाचा असा उपयोग पद्धतशीरपणे केला जातो. अमेरिकेत १९९६ साली 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' हा उपक्रम स्तनाच्या कर्करोगातून सावरणाऱ्या स्त्रियांसाठी सुरू झाला. २००५ साली वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू झाला. अर्थात, छंद ही उपचारांना जोड आहे, पर्याय नाही.

आता काही पथ्ये. अस्थितज्ज्ञांनी परवानगी दिल्याशिवाय सुरुवात करू नये. आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात बोटे हलवावीत. पहिले काही आठवडे मोठा गळ घ्यावा. या गळांत क्रमांक जितका लहान तितका गळ मोठा, म्हणून १६ नंबरऐवजी ६ किंवा ८ नंबर बरा. चाळीशीचा चष्मा व चांगला उजेड हवा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, किंवा हात सुजून आग होत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले असेल तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणीही करून घ्यावी.

नदीवर जाताना टोपी आणि चष्मा विसरू नये, कारण झुलणारा गळ डोळ्यात जाऊ शकतो. गळ डोळ्यात रुतला तर तो ओढू नये. डोळा न दाबता वर कप झाकून रुग्णालय गाठावे. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच सपाट करावा. गळ लागल्यास धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. पायाला जखम असताना पाण्यात उतरू नये. नंतर महिनाभरात ताप आला तर पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे. लेप्टोस्पायरोसिस लवकर ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडले असता पात्रात पाऊल टाकू नये. जलाशयावर मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून आधी विचारून घ्यावे.

पाऊस सरल्यावर, डिसेंबरात मी कानंदीच्या काठी गेलो. खांदाही आखडलेला होता, म्हणून पंधरा मिनिटांतच थांबलो. माझ्या वेड्यावाकड्या माशीला बोटभर मासा लागला. ओल्या हातांनी गळ काढून त्याला सोडून दिले. तो इवला गळ चिमटीत धरून फिरवताना बोटे थरथरली नाहीत, हे घरी आल्यावर लक्षात आले. बटणे तर मी त्याआधीच महिनाभर लावत होतो.

वाचकहो, मासे धरणे सर्वांना रुचणार नाही. पण गजरा गुंफणे, गोधडीला टाके घालणे, विणकाम, पेटी वाजवणे अशी एखादी सुटलेली आवड प्रत्येकाकडे असते. हात आखडला असेल तर चेंडूबरोबर तीही बाहेर काढा. मी आता रुग्णांना चेंडू देताना आधी विचारतो, "पूर्वी हाताने काय करायला आवडायचे?"