चिखल्या, भेगा आणि कुरूप

लातूर-नांदेडच्या काळ्या रानात पावसाळ्यात सोयाबीन खुरपताना पाय दिवसभर ओले राहतात. मग बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलते, आग होते. याच चिखल्या, बहुतेकदा ही बुरशीच. पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि क्लोट्रिमॅझोलचे मलम खाज थांबल्यावरही दोन आठवडे लावावे. नुसत्या तेल-हळदीवर विसंबू नये. टाचांच्या भेगांना मात्र कोमट पाणी आणि व्हॅसलीन बहुधा पुरते. कुरूप होते ते चपलेच्या दाबाने. ब्लेडने कापण्याआधी, खरे तर कापण्याऐवजी, चप्पल बदला.

मधुमेह असेल तर घरगुती उपाय नकोतच. तळव्याची जाणीव गेलेली असली की रुतलेला काटासुद्धा कळत नाही. रोज तळवे पाहा; जखम दिसली तर नांदेडच्या विष्णुपुरीचे किंवा लातूरचे शासकीय रुग्णालय त्याच दिवशी गाठा.