झिणझिण्या म्हणजे इशारा

पावसाळ्यातली दुपार होती. आमच्या अपघात विभागात चाळिशीच्या एका बाईंना रिक्षातून आणलं. अंगणातल्या लोखंडी तारेवर धुणं वाळत घालताना त्यांना शॉक लागला होता. पत्र्याच्या शेडमधल्या दिव्याची वायर त्या तारेवर घासून सोलली गेली होती. दहावीतल्या मुलाने आईला हात न लावता आधी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून त्या वाचल्या. तळहातावर भाजल्याची खूण होती. नाडी थोडी अनियमित होती, म्हणून रात्रभर ईसीजीवर लक्ष ठेवलं.

सकाळच्या राउंडला तो मुलगा म्हणाला, "डॉक्टर, सकाळी त्याच तारेला माझाही हात लागला होता. मला नुसत्या झिणझिण्या आल्या. मग आईलाच एवढं का झालं?"

मी विचारलं, "तेव्हा तुझ्या पायात काय होतं?"

"रबरी चप्पल."

"आणि आईच्या?"

तो गप्प झाला. आई अनवाणी होती. अंगण ओलं होतं, हात ओले होते आणि साडीही भिजलेली होती.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच शाळेच्या पुस्तकात आहे. गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला नियम आपण सगळे घोकतो: विद्युतदाबाला विद्युतप्रवाहाने भागलं की रोध मिळतो. म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर बरोबर ओहम. आणि व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती, म्हणजे वॅट.

घरातला गिझर घ्या. त्यावर २००० वॅट लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे दाब २३० व्होल्ट. २००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह. आता २३० भागिले ८.७, म्हणजे गिझरच्या कॉइलचा रोध झाला साधारण २६ ओहम.

हाच हिशेब माणसाच्या शरीराला लावता येतो. आपला बहुतेक रोध त्वचेत असतो. कोरड्या, जाड त्वचेचा रोध हजारो ओहम, कधी लाखाच्या घरात जातो. आतलं रक्त आणि स्नायू मात्र खारट पाण्यासारखे, त्यांचा रोध काहीशे ओहमच. त्वचा भिजली की तिची भिंत ढासळते. ईसीजी काढताना आम्ही छातीला जेल लावतो ते याचसाठी, रोध कमी व्हावा म्हणून. पावसाने त्या बाईंच्या बाबतीत नेमकं तेच केलं.

मुलाचा हात कोरडा, पायात चप्पल; एकूण रोध १,००,००० ओहम धरू. २३० भागिले १,००,००० म्हणजे २.३ मिलिअँपिअर. आईच्या बाबतीत ओली जमीन धरून रोध २००० ओहम मानला, तर प्रवाह ११५ मिलिअँपिअर. तार तीच, दाबही तोच, पण प्रवाह पन्नास पट. हे आकडे अंदाजाचे आहेत, माणसागणिक बदलतात. पण फरक केवढा असतो हे त्यावरून कळतं.

साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० च्या आसपास हाताचे स्नायू आकसतात आणि पकड सुटत नाही. "करंटने धरून ठेवलं" असं आपण म्हणतो, पण खरं तर आपलाच हात तार सोडत नाही. ३० च्या पुढे श्वास अडखळतो. ५० ते १०० मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेले, तरी हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरू शकतं.

आता शक्ती पाहा. २३० गुणिले ०.११५ म्हणजे सुमारे २६ वॅट. छताचा साधा पंखाही याहून जास्त वीज खातो. "छोटासाच दिवा आहे, त्याने काय होणार?" हा समज म्हणूनच घातक आहे.

दुसरा गैरसमज एमसीबीचा. गिझरची १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. तुमच्या अंगातून जाणारे ११५ तिच्या खिजगणतीतही नसतात. माणसासाठी लागते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गेलेला प्रवाह तितकाच परत येतोय का, हे ती पाहते. वाटेत कुठे जमिनीत गळती झाली, की क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर 'टेस्ट' बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगही तपासून घ्या. आणि कपड्यांसाठी लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा. खर्च फार नाही.

कुणाला शॉक लागलाच, तर त्या मुलाने केलं तेच करा: आधी मेन स्विच बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने माणसाला तारेपासून वेगळं करा. हाकेला प्रतिसाद नसेल आणि श्वास चालत नसेल, तर कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगून लगेच छातीच्या मधोमध दाब द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. बरं वाटत असलं तरी छातीत धडधड, चक्कर, भाजल्याची जखम किंवा गडद रंगाची लघवी ही लक्षणं दिसली तर रुग्णालयात याच. बाहेरची जखम लहान असली, तरी आतले स्नायू भाजलेले असू शकतात.

घरी जाताना तो मुलगा म्हणाला, "सकाळीच सांगायला हवं होतं मी." त्याला मी दोष दिला नाही. फ्रिजच्या दाराला, नळाला, मिक्सरला हात लावताना झिणझिण्या आल्या, की आपण सगळेच हात झटकून पुढे जातो. पण त्या झिणझिण्या म्हणजे वीज बाहेर आली आहे; आज फक्त तुमच्या कोरड्या त्वचेने तिला अडवलं आहे. पुढचा हात ओला असू शकतो.