विळ्याला मूठ कशी बसवतात?

आपल्या सगळ्यांच्या घरी विळा असतो. त्याचे पाते दिसते, पण मुठीच्या आत काय आहे ते दिसत नाही. मी ते पाहिले. तेच सांगतो.

पात्याच्या मागे लोखंडाचे निमुळते टोक असते. आमचे आबा त्याला शेपूट म्हणतात. ते चार बोटे लांब आणि चौकोनी असते. ते सगळे लाकडात लपते.

आमच्या विळ्याची मूठ ढिली झाली होती. मी ती रात्रभर बादलीत भिजत घातली. सकाळी एकदम घट्ट! आई मला शाबास म्हणाली. पण दुपारी बांधावर गवत कापताना मूठ आईच्या हातात राहिली नि पातं निसटलं. तिच्या करंगळीला लागलं. रक्त बघून मला रडूच आलं.

आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "लाकूड पाणी पितं नि फुगतं, म्हणून शेपटीला आवळतं. उन्हात वाळलं की पुन्हा आकसतं. पाण्यानं आलेला घट्टपणा टिकत नाही."

मग आम्ही लोहारकाकांकडे गेलो. त्यांनी बाभळीच्या वाळलेल्या लाकडाची मूठ घेतली. ओले लाकूड नंतर तडकते. तोंडाशी लोखंडी कडे ठोकले, कारण शेपूट पाचरीसारखी असते, ती लाकूड फाडू शकते. मग गिरमिटाने मधोमध सरळ भोक पाडले, शेपटीपेक्षा थोडे बारीक.

भोक गोल आणि शेपूट चौकोनी, मग बसणार कशी? काकांनी पात्याला ओले फडके गुंडाळले, नाहीतर पात्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. फक्त शेपूट भट्टीत लाल केली आणि भोकात दाबली. चर्र आवाज झाला, धूर निघाला. लगेच बाहेर काढली. जास्त वेळ ठेवली तर भोक मोठे होते. असे तीनदा केले. शेपटीने आपल्या मापाचे घर स्वतःच जाळून केले! एक बोटभर शेपूट मात्र बाहेरच ठेवली.

शेपूट गार झाल्यावर भोकातली राख झटकली. पात्याला गोणपाट गुंडाळून, पाते वर धरून, मुठीचा बुंधा दगडावर आपटला. मूठ दगडाशी थांबते, पण पाते खालीच जायला बघते. म्हणून राहिलेली शेपूट ठोक्याठोक्याने आत गेली. आता हलवून बघितले तर जरासुद्धा हालेना.

हे काम मोठ्या माणसांनीच करावे. पण आपण एक करू शकतो. घरी गेल्यावर विळा, खुरपे हलवून बघा. खुळखुळ वाजले तर भिजवू नका, मोठ्यांना सांगा.

आईची करंगळी आता बरी आहे. ती त्याच विळ्याने गवत कापते. मी मात्र रोज सकाळी मूठ हलवून बघतो.

– इयत्ता चौथी